कायझरच्या आडनावाची दुरुस्ती

सौदीतल्या अबकैकमध्ये अशी वदंता आहे की हरिहर ढेकण्यांनी एकदा एका उंटाला पाइपलाइनचा नकाशा वाचायला शिकवलं. वदंता पसरवली कोणी, तर खुद्द ढेकण्यांनीच. तबूकला असताना त्यांनी म्हणे एवढं मोठं कलिंगड पाहिलं की ते निम्मं कापून झाल्यावर आत कापणाऱ्याचा भाऊ सापडला, जो आदल्या आठवड्यापासून हरवला होता. ताइफला गुलाबांच्या मळ्यात ते एक दिवस राहिले, तर पुढे आठ महिने मधमाश्या त्यांना ऑफिसच्या दारापर्यंत पोचवायला यायच्या. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, अंगानं वाळलेला, मिशी मात्र तिघांना पुरेल एवढी. त्या मिशीआडून काहीही बाहेर पडलं की ऐकणारा आधी हसायचा आणि मग घरी जाऊन बायकोला विचारायचा, "कलिंगड एवढं मोठं होतं का गं?"

पण एका वस्तूच्या बाबतीत ढेकण्यांनी कधी थाप मारली नाही. ती वस्तू त्यांच्या टेबलावर, दुरुस्तीच्या शिक्क्यांशेजारी, फडक्यात गुंडाळलेली असे.

तो जर्मन आडनावांच्या मुळांचा कोश होता. करड्या कापडी बांधणीचा, आठशेवर पानांचा, दोन हातांनी उचलायचा. कंपनी जर्मन, काम तेलाच्या प्लांटची डागडुजी, आणि ढेकणे तिथले डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे प्लांटचा एकूण एक नकाशा आणि एकूण एक कागद त्यांच्या हाताखालून जायचा. पंधरा वर्षांपूर्वी श्लुकेबिअर नावाचे एक इंजिनिअर निवृत्त होऊन मायदेशी निघाले, सामानाचं वजन जास्त भरलं, आणि त्यांनी हा कोश ढेकण्यांच्या हाती ठेवला. श्लुकेबिअर म्हणजे घटाघटा बिअर पिणारा. तसं कोशातच छापलेलं होतं. हा गृहस्थ या कोरड्या मुलुखात अकरा वर्षं राहिला आणि अकरा वर्षं ताक प्यायला. "गावानं नाव ठेवलं माझ्या कुठल्या तरी खापरपणज्याला," तो म्हणाला होता, "आणि प्रायश्चित्त घेतोय मी."

ढेकण्यांचं जर्मन म्हणाल, तर बेताचंच. तरुणपणी पुण्यात डेक्कनवर संध्याकाळच्या वर्गाला जायचे. दुसऱ्या परीक्षेला नापास झाले. (ते स्वतः सांगतात की परीक्षक रडला आणि पेपर भिजला.) पण कोश वाचायला तेवढं पुरलं. वाचता वाचता त्यांना दिसलं की हे सगळं आपल्यासारखंच आहे. शुल्झ म्हणजे गावचा पाटील. वाग्नर म्हणजे गाडे करणारा सुतार. फुक्स म्हणजे कोल्हा, मग तो लाल केसांमुळे असेल नाहीतर लबाडीमुळे. कोणी गावावरून, कोणी बापावरून, कोणी धंद्यावरून, आणि बरेचसे गावाच्या टवाळीवरून.

त्यातून एक प्रथाच पडली. कुणीही जर्मन घरी परत निघाला की निरोपाच्या चहाला ढेकणे फडकं सोडायचे, कोश उघडायचे आणि त्याच्या आडनावाचं मूळ वाचायचे. मोठमोठे इंजिनिअर कान टवकारून ऐकायचे, कारण निम्म्यांना स्वतःच्या आडनावाचा अर्थ ठाऊक नसायचा.

ढेकण्यांना त्या पुस्तकातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच होती. लिहिणाऱ्या पंडितांना जिथे कळलं नव्हतं, तिथे त्यांनी सरळ छापलं होतं: मूळ अनिश्चित. पानापानावर. आयुष्यात "माहीत नाही" हे दोन शब्द ढेकण्यांच्या तोंडून कधी बाहेर पडले नव्हते. आणि इथे एवढी विद्वान मंडळी एका पानावर सहा सहा वेळा हात वर करत होती! कपाटातल्या देवांना निरंजन ओवाळतानाही ढेकणे दोन गोष्टी वाढवून सांगायचे. कोशासमोर मात्र ते गप्प बसत आणि जे लिहिलंय तेवढंच वाचत.

आता डीटर कायझर. दीड वर्षापूर्वी प्रोजेक्टचे मुख्य म्हणून आले. सहा फूट, गुलाबी, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून बसतानाही उभेच असल्यासारखे. आल्या महिन्यातच त्यांनी नियम काढला. कुठल्याही कागदातला स्वल्पविरामसुद्धा हलवायचा असेल, तर चौदा नंबरचा फॉर्म भरायचा: आधी काय होतं, आता काय हवं, कारण काय, मागणाऱ्याचं नाव, सही. ढेकण्यांनी एकदा एका व्हॉल्व्हचा उघड उघड चुकलेला नंबर पेननं दुरुस्त केला, तर कायझरांनी त्यांना सगळ्या ऑफिससमोर उभं केलं. "मिस्टर ढेकणे, कागद तुमचा नाही. तुम्ही कागदाचे आहात." आणि सगळ्यांना माफीचा ईमेल पाठवायला लावला. ढेकण्यांनी पाठवला. त्या दिवशी त्यांनी एकही थाप मारली नाही, यावरून काय ते समजा.

जानेवारीतल्या एका मंगळवारी कायझरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुमच्याकडे ते आडनावांचं पुस्तक आहे."

"आहे सर."

"शुक्रवारी अबू फहद यांच्या इस्तिराहावर जेवण आहे. पुस्तक घेऊन यायचं."

अबू फहद म्हणजे कंपनीचे इथले भागीदार, सगळ्यांचे कफील, म्हणजे ज्यांच्या नावावर इथला व्हिसा मिळतो ते. ऐंशीच्या घरातले, खजुराच्या बागेत विश्रांतीसाठी बांधलेल्या घरात, म्हणजे इस्तिराहात, बैठक भरवून बसणारे. त्यांना स्वतःचे सतरा पूर्वज तोंडपाठ होते, आणि समोरच्याला ते पहिला प्रश्न हाच विचारत: कुणाचा तू? कायझर पहिल्यांदा भेटले तेव्हा या प्रश्नानं हुरळून बोलून बसले होते की आमचं घराणं जर्मनीच्या सम्राटाचं, कायझर म्हणजेच सम्राट. म्हातारा खूश झाला. आता त्यानं भाऊबंद गोळा केले होते. सम्राटाच्या वंशजाची कुळकथा ऐकायची होती त्याला.

"आपलं कुळ आपणच सांगितलं तर बरं दिसत नाही," कायझर म्हणाले. "तुम्ही सांगायचं. पुस्तकातून."

"पण सर, पुस्तकात..."

"पुस्तकात काय आहे ते मला वाचता येतं." कायझरांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यावर सम्राट होते, किल्ले होते, दोन धर्मयुद्धं होती. "तुम्ही पुस्तक उघडायचं आणि हे वाचायचं. जर्मन तिथे कुणाला येत नाही."

ढेकणे कागद वाचत राहिले. धर्मयुद्धं वगळली तर गोष्ट चांगली रचली होती, एवढं त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं.

"मीच का सर?"

कायझर पहिल्यांदा हसले. "अहो, सगळ्या अबकैकला ठाऊक आहे. तुमच्याएवढ्या सफाईनं खोटं कोण बोलतं?" मग त्यांनी ड्रॉवर अर्धा उघडला. आत ढेकण्यांच्या इकाम्याच्या, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याच्या, नूतनीकरणाचं पत्र होतं, सहीविना. "तुमचा इकामा कधी संपतोय? अकरा दिवसांनी ना? शनिवारी बघू या पत्राचं."

ढेकणे बाहेर आले ते थेट जमालुद्दीन परकारकडे. जमालुद्दीन रत्नागिरीचा. कंपनीतल्या सगळ्यांचे इकामे, पासपोर्ट, व्हिसा तोच फिरवायचा. सगळं ऐकून तो म्हणाला, "मी काय म्हणतो ढेकणे, वाचून टाक. उंटाला नकाशा शिकवलास, मग एका जर्मनाला राजा करायला काय जातंय तुझं?"

"उंट माझा होता."

"म्हणजे?"

"थाप माझी होती रे. मला वाटली म्हणून मी मारली. ही त्यानं टाइप करून दिलीय!"

"अरे बाबा, पत्रावर सही नाही झाली तर इकामा खलास. वहिनी आणि पोरगी दोघी तुझ्याच इकाम्यावर. पोरीची बारावीची परीक्षा महिन्यावर आली. ती काय विमानात बसून देणार?"

हे ढेकण्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? लग्न उशिरा झालेलं, तन्वी एकुलती एक, बोर्डाचं केंद्र दम्मामच्या शाळेत. आत्ता गाशा गुंडाळावा लागला तर वर्ष फुकट.

घरी सुनीताबाई कंपाउंडमधल्या मुलांची गणिताची शिकवणी आटपून डाळीला फोडणी देत होत्या. नवऱ्याचं बोलणं त्यांनी एकदाही न अडवता ऐकलं, हे वाईट लक्षण होतं.

"अहो," शेवटी त्या म्हणाल्या, "मला लग्नाच्या वेळी तुम्ही काय सांगितलं होतंत? चिंचवडला चार खोल्या आहेत म्हणून. निघाल्या दीड. मी काही बोलले का?"

"ती अर्धी खोली मोठी होती."

"मग त्या कायझरच्याही दोन खोल्या वाढवा की! आत्ताच कसा सत्याचा पुळका आला?"

तन्वीनं रसायनशास्त्रातून डोकं वर काढलं. "बाबा, सीरियसली. यू लाय अबाउट एव्हरीथिंग. व्हॉट्स वन मोर?"

हे मात्र लागलं. ढेकणे जेवून उठले. हात धुऊन आले आणि टॉवेल हातात तसाच धरून म्हणाले, "तनू, मी उंटाची गोष्ट सांगतो तेव्हा तुला कळतं ना, थाप आहे?"

"ऑब्व्हियसली."

"सगळ्यांनाच कळतं. म्हणूनच ती गोष्ट. पुस्तक उघडून त्यातलं म्हणून सांगितलं की ती गोष्ट राहत नाही. फसवणूक होते. आजवर त्या पुस्तकातून मी जे वाचलं, ते पन्नास माणसं डोक्यात ठेवून आपापल्या घरी गेली. एकदा त्यात खोटं घातलं, की त्या पन्नास जणांचं काय?"

तन्वी पेन चावत राहिली. मग म्हणाली, "अँड माय बोर्ड्स?"

जन्मात पहिल्यांदाच ते म्हणाले, "माहीत नाही." सुनीताबाईंच्या हातातला डाव खाली पडला.

बुधवारी सकाळी ढेकणे केबिनमध्ये गेले. कायझरांचा टाइप केलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर दुसरा ठेवला. चौदा नंबरचा फॉर्म. सुवाच्य अक्षरात भरलेला. दस्तऐवज: आडनावांचा कोश. आधी काय होतं: कोशातली नोंद, शब्दशः. आता काय हवं: सोबत जोडल्याप्रमाणे. कारणाची जागा रिकामी, सहीची जागा रिकामी.

"हे काय आहे?"

"बदलाची मागणी, सर. आपलाच नियम. कारण लिहा, खाली सही करा. मी बदललेलं वाचतो, आणि कोणी विचारलं तर फॉर्म दाखवतो."

कायझरांचा गुलाबीपणा लालाकडे सरकला. "हे छापील पुस्तक आहे. कंपनीचा कागद नाही!"

"माझ्या टेबलावर आहे तोवर माझ्या ताब्यातला कागद आहे. आणि मी कागदाचा आहे. आपणच म्हणाला होतात, सगळ्यांसमोर."

"ढेकणे, अकरा दिवस."

"दहा, सर. काल अकरा होते."

फॉर्म चुरगाळून टोपलीत गेला. ढेकण्यांनी तो वाकून उचलला, सरळ केला, "रद्द न झालेली मागणी फेकता येत नाही," एवढं म्हणाले आणि बाहेर पडले.

शुक्रवारी नमाजनंतर इस्तिराहावर पंचवीसेक माणसं जमली. भिंतीला टेकून तक्के, मध्ये गालिचा, वेलदोड्याच्या कॉफीचा वास. भात आणि मटणाची परात आली, गेली. ढेकण्यांच्या मांडीवर कोश फडक्यात. शेजारी जमालुद्दीन, अरबी अडलं तर सांगायला आणला होता, पण तो आत्तापासूनच पासपोर्टांची यादी आठवत असावा असा त्याचा चेहरा. समोर अबू फहद, आणि त्यांच्या उजव्या हाताला, मानाच्या जागी, कायझर.

"यल्ला," अबू फहद म्हणाले. "सम्राटांच्या घरची कथा ऐकू दे."

ढेकण्यांनी फडकं सोडलं. कोश उघडला. आणि सुरकुतलेला फॉर्म काढून, वर पेन ठेवून, गालिच्यावरून कायझरांपुढे सरकवला.

"सर, शेवटचं विचारतो. सही?"

बैठकीत सगळ्यांच्या माना वळल्या. अबू फहद पुढे झुकले. "तो कागद कसला?"

"पुस्तकात लिहिलेलं बदलायचा, शेख," ढेकण्यांनी आपल्या ऑफिसातल्या अरबीत सांगितलं. "सही झाली तर दुसरं वाचेन. नाही झाली तर आहे ते."

"वंशावळ? कागदावर बदलते?" म्हाताऱ्यानं कायझरांकडे पाहिलं. रागानं नव्हे. कुतूहलानं. ते जास्त वाईट होतं.

कायझरांनी पेनकडे पाहिलं. पंचवीस माणसांनी कायझरांकडे पाहिलं. मग ते घसा खाकरून म्हणाले, "आहे ते वाचा."

ढेकण्यांनी वाचलं. आधी जर्मनमध्ये, मग अरबीत, एक शब्द न वाढवता. कायझर: ठेवलेलं नाव. सम्राटासारखा तोरा मिरवणाऱ्याला. किंवा सम्राटाच्या चाकरीत असलेल्याला, त्याची जमीन कसणाऱ्याला. एवढंच होतं. त्यांनी कोश मिटला नाही, बोट नोंदीवर तसंच ठेवलं. कुणाला तपासायचं असेल तर तपासावं.

कॉफी ओतणारा ओतायचा थांबला होता.

"म्हणजे सम्राटाचे नाहीत," अबू फहद सावकाश म्हणाले.

"पुस्तक तसं म्हणत नाही, शेख."

"आणि तू? तू कुणाचा? तुझं नाव काय?"

"ढेकणे."

"त्याचा अर्थ?"

ढेकणाला अरबीत काय म्हणतात ते ढेकण्यांना आठवेना. जमालुद्दीनकडे पाहिलं, तर तो छताकडे बघत होता. तेव्हा त्यांनी दोन बोटांनी गालिच्यावरून एक ढेकूण चालवत नेला, अबू फहदांच्या तक्क्याजवळ आणला, आणि आपल्याच मनगटाला कडकडून चाववून दाखवला.

कुणीतरी पहिल्यांदा हसलं आणि मग सगळी बैठक हसली. अबू फहद डोळे पुसत म्हणाले, "आणि हे नाव तुम्ही बदललं नाही?"

"फॉर्म मिळाला नाही," ढेकणे म्हणाले. "आणि बदलायचं कशाला? नाव ठेवणारे सगळे मेले, शेख. ढेकूण अजून आहे."

म्हातारा पुन्हा हसला, पण यावेळी हसता हसता तो कायझरांकडे वळला आणि त्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझ्या बैठकीत माणसं स्वतःला मोठं करून घेतात. तू स्वतःबद्दल हे वाचू दिलंस. जमीन कसणारा होता ना? चांगलं आहे. आता तुझ्या रिपोर्टातले आकडे मी दोनदा नाही तपासणार." आणि त्यानं हाडाजवळचा मांसाचा तुकडा मागवून स्वतःच्या हातानं कायझरांपुढे ठेवला. कायझरांनी तो खाल्ला. चेहऱ्यावर काय होतं हे जमालुद्दीनला विचारा, तो अजून दर वेळी वेगळं सांगतो.



शनिवारी पत्र आलं नाही. सुनीताबाईंनी माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या, झटकल्या, आणि उघड्या ठेवल्या. तन्वी वही घेऊन त्यातल्याच एकीवर बसून अभ्यास करू लागली. ढेकण्यांना वाटलं, एखादी गोष्ट सांगावी. सुचली नाही.

रविवारी ऑफिसात टेबलावर एक चौदा नंबरचा फॉर्म होता. कायझरांच्या सरळसोट अक्षरात. दस्तऐवज: हरिहर ढेकणे यांचं नूतनीकरण पत्र. आधी काय होतं: नूतनीकरण नाही. आता काय हवं: तीन महिने. खाली नाव, सही. सोबत पत्र, त्यावरही सही.

तीन महिने. वर्ष नाही. पण परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला संपत होती.

जमालुद्दीननं पत्र झडप घालून उचललं. "दे इकडे, आत्ता जातो!"

"थांब." ढेकण्यांनी चष्मा लावला. "कारण लिहिलेलं नाही."

"ढेकणे!"

"कारणाशिवाय फॉर्म घेता येत नाही. नियम आहे."

"अरे वेड्या, तुझाच इकामा आहे हा!"

"म्हणून काय वशिला लावू?" आणि ढेकण्यांनी फॉर्मवर 'अपूर्ण, परत' असा लाल शिक्का मारून तो केबिनमध्ये पाठवून दिला. जमालुद्दीन पत्र छातीशी धरून मटकन खुर्चीत बसला. कुठलीशी दुआ पुटपुटत होता.

वीस मिनिटं गेली. केबिनचं दार उघडलं. कायझर स्वतः चालत आले, सगळ्या ऑफिससमोरून, त्याच टेबलापाशी. आधी त्यांनी फडक्यातल्या कोशाकडे बघितलं, मग ढेकण्यांकडे. खिशातून पेन काढलं आणि उभ्या उभ्या, फॉर्म कोशावरच टेकवून, कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहिले. फॉर्म ठेवला आणि गेले.

ढेकण्यांनी वाचलं. जर्मनमध्ये होतं, पण हे दोन शब्द त्यांना पानापानावर भेटलेले होते.

मूळ अनिश्चित.

त्यांनी मिशी सारखी केली, हिरवा शिक्का घेतला, शाईवर दोनदा दाबला, आणि 'स्वीकृत' असा मारला की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळला. भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं आणि प्लांटमध्ये दोन सायरन वाजले, असं ते सांगतात. ते तुम्ही मानू नका.

फॉर्म मात्र फाइलमध्ये आहे. हवा तर बघून घ्या.